ओहोटीच्या वेळची पाहणी : जुन्या पायथन कोडमधील तुटलेले इम्पोर्ट

पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान गडब गावावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणून ओळखला जात असे आणि २०१० साली देशभरातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले तेव्हा तो क्रमांक ६६ झाला. ज्या जिल्ह्यात हे गाव आहे तो जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा होता आणि त्यानंतर रायगड झाला. गाव जागचे हलले नाही, बदलले ते नाव. माणसाला अशा बदलाचा फारसा त्रास होत नाही, कारण तो विचारपूस करतो, संदर्भ लावतो आणि जुन्या नावावरून नवे ओळखतो. संगणकाच्या प्रोग्रामला मात्र ही सोय नसते. त्याला सांगितलेले नाव अक्षरशः तसेच्या तसे सापडले नाही, तर शेजारीच तीच वस्तू नव्या नावाने ठेवलेली असली तरी तो जागीच थांबतो. जुन्या प्रोग्रामांत अशी हरवलेली नावे शोधून काढणे हे आज संगणक क्षेत्रातील अत्यंत आवश्यक, पण फारसे चर्चेत न येणारे काम आहे, आणि पायथन या भाषेपुरते ते कसे केले जाते हे समजून घेतले तर एकूणच सॉफ्टवेअर कसे जुने होते याची कल्पना येते.

नाव कसे शोधले जाते

पायथन ही गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली संगणकभाषा असून महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांपासून खगोलशास्त्रातील संशोधनापर्यंत ती सर्वत्र वापरली जाते. या भाषेत लिहिलेल्या प्रत्येक फाइलला मॉड्यूल म्हणतात आणि अनेक मॉड्यूले एका फोल्डरात एकत्र ठेवली की त्यांचे पॅकेज होते. एका मॉड्यूलमध्ये केलेले काम दुसऱ्यात हवे असेल तर ते पुन्हा लिहावे लागत नाही. 'इम्पोर्ट' हा शब्द लिहून त्यापुढे त्या मॉड्यूलचे नाव दिले की पुरते. पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्रामची ओळ वाचून ती प्रत्यक्षात आणणारी यंत्रणा, हे नाव आधी या खेपेस उघडलेल्या मॉड्यूलांच्या नोंदीत पाहतो आणि तिथे ते नसेल तर 'सिस डॉट पाथ' नावाच्या यादीतील फोल्डर एकामागून एक धुंडाळतो. या यादीत सामान्यतः चालू प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर पहिला, पायथनसोबत येणारे प्रमाण ग्रंथालय त्यानंतर आणि बाहेरून आणून बसवलेली पॅकेजेस शेवटी असतात. सगळी यादी संपूनही नाव मिळाले नाही, तर 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' हा संदेश येतो, आणि मॉड्यूल मिळाले पण त्यातील मागितलेली वस्तू मिळाली नाही, तर 'इम्पोर्टएरर' येते. या दोन्ही बिघाडांना मिळून तुटलेला इम्पोर्ट असे म्हणता येते.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण पुढची सगळी अडचण तिच्यातूनच उभी राहते. इम्पोर्टची ओळ तपासली जाते ती प्रोग्राम त्या ओळीपर्यंत पोहोचतो तेव्हाच, त्याआधी नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयासाठी २०१३ साली निकाल लावण्याचा प्रोग्राम पायथन २ मध्ये लिहिला गेला, काही वर्षांनी तो पायथन ३ वर आणला गेला, त्या वेळी प्रत्येक फाइलच्या माथ्यावरचे इम्पोर्ट सुधारले गेले, परंतु एटीकेटीच्या विद्यार्थ्यांची यादी दुसऱ्या संगणकाकडून मागवणाऱ्या फंक्शनच्या पोटात लिहिलेली 'इम्पोर्ट युआरएललिब२' ही एक ओळ नजरेतून सुटली. युआरएललिब२ हे मॉड्यूल पायथन ३ मध्ये नाही. त्याचे काम 'युआरएललिब डॉट रिक्वेस्ट' आणि 'युआरएललिब डॉट एरर' या दोन ठिकाणी वाटले गेले आहे. असे असूनही हा प्रोग्राम सुरू होतो, गुण भरून घेतो, बेरजा करतो, गुणपत्रिका छापतो आणि वर्षातून एकदा, नेमक्या त्या यादीच्या दिवशी, बंद पडतो.

खारबंदिस्ती आणि कोड

पेण तालुक्यातील धरमतर खाडीकाठच्या खारेपाटाला हा प्रकार अपरिचित नाही. भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात, त्यांना खारबंदिस्ती म्हणतात, आणि आतले पावसाचे पाणी ओहोटीला खाडीत सोडण्यासाठी बांधात उघाड्या ठेवलेल्या असतात. खेकड्यांनी पोखरलेले एखादे बीळ रोजच्या भरतीला फारसे जाणवत नाही, पण उधाणाची भरती आली की पाणी त्याच बिळाचा आधार घेते, बांधाला खांड पडते आणि खारे पाणी एकदा शेतात पसरले की ती जमीन पुन्हा पिकती करायला वर्षे लागतात. म्हणून बांधाची पाहणी करायची ती उधाणाची वाट न पाहता, ओहोटीच्या वेळी, बांधावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन. या कामाचे महत्त्व इतके मोठे आहे की त्यासाठी १९४८ साली मुंबई राज्यात आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्रात स्वतंत्र कायदे करावे लागले. जुन्या कोडमधील इम्पोर्टची तपासणीही याच तत्त्वावर चालते: प्रोग्रामवर काम येऊन पडण्याची वाट न पाहता, तो शांत असताना, त्यातली प्रत्येक ओळ पाहून घ्यायची.

मोडण्याचे प्रकार

शोध घेण्यापूर्वी इम्पोर्ट कोणत्या कारणांनी तुटतात हे ठरवणे उपयोगी पडते, कारण प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे. पहिला प्रकार महामार्गाच्या क्रमांकासारखा, म्हणजे वस्तू शाबूत आणि नाव बदललेले. पायथनची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली तेव्हा 'क्यू', 'कॉन्फिगपार्सर' आणि 'टीकिंटर' या मॉड्यूलांच्या नावांतील मोठी इंग्रजी अक्षरे लहान करण्यात आली. वाचताना नाव तेच राहिले, परंतु इंटरप्रिटरच्या दृष्टीने मोठे आणि लहान अक्षर ही दोन वेगळी अक्षरे असल्यामुळे जुनी ओळ निकामी झाली. मॉड्यूलचे नाव तेच राहून आतील वस्तू हलण्याचा प्रकारही यातलाच आहे: 'कलेक्शन्स' या मॉड्यूलमधील 'मॅपिंग' ही वस्तू 'कलेक्शन्स डॉट एबीसी'मध्ये गेली आणि जुन्या जागेवरचे तिचे नाव ३.१० या आवृत्तीत, २०२१ साली, कायमचे काढण्यात आले.

दुसऱ्या प्रकारात वस्तूच नाहीशी झालेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीतून 'इम्प' आणि 'डिस्टयुटिल्स' ही मॉड्यूले वगळण्यात आली, तर पुढच्याच वर्षी ३.१३ मधून 'सीजीआय', 'टेलनेटलिब', 'क्रिप्ट' यांच्यासह एकूण १९ जुनी मॉड्यूले एकाच निर्णयाने काढण्यात आली. अशा ठिकाणी केवळ नाव बदलून भागत नाही. ते काम दुसऱ्या कोणत्या साधनाने करायचे याचा विचार करावा लागतो.

तिसऱ्या प्रकारात वस्तू कुठे तरी असते, पण या संगणकावर बसवलेली नसते, आणि ती बसवायची तर कोणत्या नावाने हे कोडवरून कळत नाही, कारण पॅकेज ज्या नावाने मागवायचे आणि ज्या नावाने इम्पोर्ट करायचे ती दोन नावे एकच असतील असा नियम नाही. छायाचित्रांवर काम करणारे पॅकेज 'पिलो' या नावाने बसवतात आणि 'पीआयएल' या नावाने इम्पोर्ट करतात; 'सायकिट-लर्न' बसवतात आणि 'एसकेलर्न' इम्पोर्ट करतात. नव्या विद्यार्थ्याचे तास अशा दोन नावांच्या फरकात खर्ची पडतात, आणि यात त्याची चूक काहीच नसते.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण त्यात नाव सापडते, पण त्या नावाने भलतीच वस्तू हाती येते. आज 'कुलाबा' म्हटले की बहुतेकांना मुंबईचे दक्षिण टोक आठवते, परंतु १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कुलाबा' जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पेण आणि रोह्याची माहिती आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो योग्य नावाने चुकीच्या ठिकाणी पोहोचतो. पायथनमध्ये एखाद्याने स्वतःच्या फोल्डरात 'रँडम' नावाची फाइल करून ठेवली की नेमके हेच घडते. शोधयादीत स्वतःचा फोल्डर आधी येत असल्यामुळे प्रमाण ग्रंथालयातील खऱ्या 'रँडम'ऐवजी ती घरची फाइल उचलली जाते आणि गोंधळ मूळ ठिकाणापासून फार दूर, एखाद्या निराळ्याच ओळीवर उघड होतो. याखेरीज दोन मॉड्यूले परस्परांना इम्पोर्ट करत असली आणि पहिले पूर्ण वाचून होण्याआधीच दुसऱ्याने त्यातील वस्तू मागितली, तरी इम्पोर्ट तुटतो. याला वर्तुळाकार इम्पोर्ट म्हणतात.

'मायावी'चे उदाहरण

हे बदल केवळ पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातच होतात असे नाही. महाराष्ट्रातील एका संस्थेशी जोडलेले उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. पवई येथील आयआयटी मुंबईत एअरोस्पेस अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेले 'मायावी' हे पायथन पॅकेज हवेचा प्रवाह, तापमान, दाब अशा आकडेवारीची त्रिमितीय चित्रे काढून देते आणि जगभरातील वैज्ञानिक ते वापरतात. त्याची पुढची वाढ अमेरिकेतील एन्थॉट या कंपनीच्या साधनसंचाचा भाग म्हणून झाली, त्यामुळे त्याचा इम्पोर्ट 'एन्थॉट डॉट मायावी' असा करावा लागत असे. २०११ साली या साधनसंचाची चौथी आवृत्ती आली आणि सर्व पॅकेजांच्या नावांमागे लागणारे 'एन्थॉट' काढून टाकण्यात आले. नाव अधिक सुटसुटीत झाले, परंतु त्याआधी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्राममधील ती ओळ नव्या आवृत्तीवर तुटली.

या प्रसंगी ज्या रीतीने वाट काढली गेली ती अनुकरणीय आहे. जुने नाव घेतले तरी नव्या जागेकडे वळवणारे 'ईटीएसप्रॉक्सी' नावाचे दुवा-पॅकेज उपलब्ध करून देण्यात आले आणि त्यासोबत संपूर्ण कोड वाचून त्यातील जुनी नावे नव्यात बदलणारे साधनही देण्यात आले, म्हणजे ज्याला घाई होती त्याचे काम थांबले नाही आणि ज्याला कायमची दुरुस्ती करायची होती त्याला ती हाताने करावी लागली नाही. जुन्या नावाने विचारणाऱ्याला नवा पत्ता सांगणारे कोणी तरी काही काळ उभे असले पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे.

खोडद येथील जीएमआरटी या महादुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्यांनाही असाच बदल पाहावा लागला. रेडिओ खगोलशास्त्रात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या 'कासा' या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीपर्यंतचा पाया पायथन २ हा होता आणि सहाव्या आवृत्तीत तो पायथन ३ झाला. त्याच वेळी पूर्वी एकत्र असलेली साधने 'कासाटूल्स' आणि 'कासाटास्क्स' अशा स्वतंत्र पॅकेजांत विभागली गेली. आकाशाची निरीक्षणे वर्षानुवर्षे जपून ठेवली जातात आणि पुन्हा तपासली जातात, म्हणून ती वाचणारा कोड चालू राहणे ही विज्ञानाच्या विश्वासार्हतेचीच बाब ठरते.

न चालवता वाचणे

तुटलेले इम्पोर्ट शोधण्याची पहिली पायरी म्हणजे प्रोग्राम न चालवता त्याचे वाचन करणे. याला स्थिर परीक्षण म्हणता येईल आणि ओहोटीतील पाहणी ती हीच. सर्व फाइलींत 'इम्पोर्ट' हा शब्द शोधणे हा सर्वांना सुचणारा मार्ग असला तरी तो पुरेसा नाही, कारण हा शब्द टिपांत आणि अवतरणांतही येतो, तर काही इम्पोर्ट कंसात घालून अनेक ओळींवर पसरलेले असतात. पायथनमध्ये यासाठी 'एएसटी' नावाचे मॉड्यूल आहे. ते फाइलचे व्याकरणानुसार विश्लेषण करून तिचा वृक्ष तयार करते, जसे वाक्याचे पृथक्करण करताना कर्ता, कर्म, क्रियापद वेगळे काढतात, आणि त्या वृक्षातील इम्पोर्टच्या फांद्या तेवढ्या वेचून घेता येतात. एटीकेटीची यादी मागवणाऱ्या फंक्शनच्या पोटात दडलेली ती ओळही मग निसटत नाही.

अशी यादी हाती आली की प्रत्येक नाव तीन गटांपैकी कशात बसते ते पाहावे: प्रमाण ग्रंथालयातील, बाहेरून आणलेले आणि स्वतःच्या प्रकल्पातील. प्रमाण ग्रंथालयातील नावांची अधिकृत यादी ३.१० या आवृत्तीपासून पायथन स्वतःच पुरवते, आणि इतर नावांसाठी 'इम्पोर्टलिब' या मॉड्यूलमधील 'फाइंड स्पेक' या सोयीचा उपयोग होतो, जी साध्या नावाचे मॉड्यूल प्रत्यक्ष न उघडता ते सापडेल की नाही एवढेच सांगते. हेच काम 'पायलिंट' हे तयार साधनही करते आणि न सापडलेल्या मॉड्यूलपुढे 'ई०४०१' हा खुणेचा क्रमांक मांडते. 'पायफ्लेक्स' हे दुसरे लोकप्रिय साधन वापरात नसलेले इम्पोर्ट दाखवते, पण मॉड्यूल अस्तित्वात आहे की नाही हे ते पाहत नाही, आणि फाइलींचे केवळ संकलन (कम्पाइल) करून पाहिले तर व्याकरणाच्या चुका तेवढ्या कळतात. म्हणून कोणते साधन काय तपासत नाही हे माहीत असणे, ते काय तपासते हे माहीत असण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

चालवून पाहणे

स्थिर परीक्षणाची मर्यादा अशी की काही नावे कोडमध्ये लिहिलेलीच नसतात. प्रोग्राम चालू असताना दोन शब्द जोडून मॉड्यूलचे नाव तयार करायचे आणि मग ते इम्पोर्ट करायचे, अशी पद्धत जुन्या प्रकल्पांत आढळते आणि ती नावे कोणत्याही वृक्षात दिसत नाहीत. त्याहून अधिक घातक पद्धत म्हणजे इम्पोर्ट अयशस्वी झाल्यास गप्प बसून पुढे जाण्याची सूचना देऊन ठेवणे. मूळ हेतू चांगला असतो, की अमुक पॅकेज नसले तर दुसरे वापरावे. परंतु कालांतराने दोन्ही पॅकेजे नाहीशी होतात आणि प्रोग्राम तक्रार न करता अपुरे काम करत राहतो.

म्हणून दुसऱ्या पायरीवर प्रत्येक मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करून पाहावे लागते. चाचण्यांसाठी वापरले जाणारे 'पायटेस्ट' हे साधन चाचण्या न चालवता त्या केवळ गोळा करते तेव्हाही अनेक तुटलेले इम्पोर्ट उघड होतात. मात्र इथे सावधगिरी हवी, कारण काही जुन्या फाइली नुसत्या इम्पोर्ट केल्या तरी डेटाबेसला हात घालतात किंवा मेल पाठवू लागतात. हा प्रयोग मूळ यंत्रणेवर न करता तिच्या वेगळ्या प्रतीवरच करावा. याच वेळी पायथनच्या पूर्वसूचनाही उघडून पाहाव्यात. एखादे मॉड्यूल काढण्यापूर्वी पायथन बहुधा कित्येक वर्षे तशी सूचना देत असते. 'इम्प' हे मॉड्यूल कालबाह्य ठरल्याची घोषणा २०१४ साली झाली आणि ते गेले २०२३ साली. मात्र या सूचना मुख्य फाइलपुरत्याच आपोआप दिसतात आणि इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलांतील सूचना झाकलेल्या राहतात, त्यामुळे त्या मुद्दाम सुरू केल्याखेरीज नऊ वर्षांची मुदतही कोणाच्या लक्षात येत नाही. भरतीचे वेळापत्रक छापलेले असते; ते भिंतीवर लावण्याचे काम मात्र ज्याचे त्याला करावे लागते.

दुरुस्तीचा क्रम

तुटलेल्या नावांची यादी हाती आल्यावर दिसेल ती ओळ बदलत सुटणे हा मोह टाळला पाहिजे. सर्वप्रथम कोड आज ज्या स्थितीत आहे तसाच नोंदवून ठेवावा आणि तो एखाद्या संगणकावर अजून चालत असेल, तर तिथली पायथनची आवृत्ती आणि बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती लिहून घ्यावी, कारण ती नोंद हाच जुन्या नावांचा एकमेव खात्रीचा कोश असतो. त्यानंतर कारणांनुसार गट पाडून एका वेळी एकच गट हाती घ्यावा: आधी केवळ नाव बदललेले, मग न बसवलेले, मग कायमचे गेलेले, आणि वर्तुळाकार इम्पोर्ट सर्वांत शेवटी, कारण ते मॉड्यूलांच्या रचनेतील दोष दाखवतात आणि त्यासाठी विचार अधिक लागतो. प्रत्येक गटानंतर पुन्हा सगळी तपासणी करावी आणि पुढे ती दर बदलानंतर आपोआप होईल अशी व्यवस्था करावी. बांध एकदा बांधून भागत नाही, तो राखावा लागतो, हे खारेपाटातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सॉफ्टवेअर बांधणाऱ्या संस्थांना मात्र ते अजून पुरेसे पटलेले दिसत नाही, कारण नव्या प्रोग्रामसाठी पैसा आणि कौतुक दोन्ही मिळतात आणि जुना राखणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही क्वचितच येतात.

पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली आणि त्या भाषेत लिहिलेला पुष्कळ कोड कार्यालये, प्रयोगशाळा आणि महाविद्यालये यांत आजही काम करत आहे. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी नवे प्रकल्प अवश्य करावेत, पण एक तरी जुना, दुसऱ्या कोणी लिहिलेला कोड हाती घेऊन त्यातील प्रत्येक इम्पोर्ट तपासावा, तुटलेल्याचे कारण लिहून काढावे आणि तो पुन्हा चालता करून पुढच्या माणसाच्या स्वाधीन करावा. त्यासाठी लागणारी वर सांगितलेली सर्व साधने विनामूल्य उपलब्ध आहेत.